वाचकांचे प्रश्न : प्रेस्टनचा प्लंबर

गेल्या अंकात फुटबॉलवाल्यांच्या पगाराबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की दुसऱ्या महायुद्धानंतरचा इंग्लंडचा एक सगळ्यात भारी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा खेळाडू, खेळता खेळता प्लंबिंगचा धंदाही करायचा. बास, तेवढ्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम टॉम फिनीलाच द्यावा लागतोय. तक्रार नाही, उलट बरंच झालं, कारण हा माणूस एका वाक्यात उरकण्यासारखा नव्हताच. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : फिनी खरंच प्लंबर होता का? की पेपरवाल्यांनी गंमत म्हणून ठेवलेलं नाव?

खरंच होता, अगदी शिकाऊ म्हणून उमेदवारी करून रीतसर झालेला. जन्म ५ एप्रिल १९२२, गाव प्रेस्टन, लँकशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव, आणि घर कुठे तर प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या डीपडेल मैदानाला अगदी लागून. लहानपणी आई गेली, वडिलांनी मुलं वाढवली. पोरगा अंगानं किरकोळ, पण बॉल पायात आला की सोडायचा नाही. क्लबनं शाळा सुटल्या सुटल्या त्याला विचारलं, मैदानावर नोकरी देतो, ये. पोराची उडी मारायची तयारी होती पण बाप म्हणाला, आधी हातात धंदा येऊदे, मग काय खेळायचं ते खेळ. म्हणून तो आधी हौशी खेळाडू म्हणून सही करून राहिला आणि दिवसा प्लंबिंग शिकत राहिला.

आता आपल्याला वाटतं बाप फारच खडूस. मला तसं नाही वाटत. गुडघा गेला की खेळ संपला आणि खेळ संपला की पगार बंद, हे तेव्हाच्या प्रत्येक बापाला दिसत होतं, कारण असे लंगडणारे माजी खेळाडू प्रत्येक गल्लीत असायचे. आणि त्या काळचं प्लंबिंग म्हणजे आत्तासारखं प्लॅस्टिकचा पाइप कापला, गोंद लावला, झालं, असं नव्हतं. पाइप शिशाचे. दोन पाइप जोडायचे तर सांध्यावर वितळलेला धातू ओतायचा आणि तो गार व्हायच्या आत जाड कापडाच्या घडीनं पुसत पुसत त्याला गोल गुळगुळीत आकार द्यायचा, जरा उशीर झाला की गोळा बसला, जरा घाई केली की सगळं खाली ओघळलं. हे हाताला बसायला वर्षं लागायची. पुढे फिनीनं भावाबरोबर स्वतःचा प्लंबिंगचा धंदा काढला, म्हणजे शनिवारी हजारो लोकांसमोर खेळायचं आणि सोमवारी कुणाच्या तरी घरातली गळती बघायची.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू आणि दुसरा धंदा करायची गरज का पडावी? तेव्हा मॅचला गर्दी होत नव्हती का?

गर्दी? अहो १९४८-४९ च्या सीझनला इंग्लिश लीगच्या सामन्यांना मिळून ४ कोटींहून जास्त लोक आले, तो आकडा नंतर कधीच गाठला गेला नाही. युद्ध संपलेलं, रेशनिंग चालूच, टीव्ही जवळपास कुणाकडेच नाही, शनिवारी दुपारी दुसरं करणार काय माणूस. तर पैसा येत होता, प्रश्न होता तो जातो कुठे. खेळाडूंकडे नक्की नाही, कारण लीगचा नियमच होता, कमाल पगार ठरलेला. १९४७ ला आठवड्याला १२ पौंड, १९५१ ला १४, १९५३ ला १५, १९५७ ला १७ आणि १९५८ ला २०. हे सगळ्यात जास्तीचे आकडे बरं का, बऱ्याच जणांना यापेक्षा कमीच मिळायचं. शिवाय उन्हाळ्यात सीझन नसतो म्हणून तेवढे महिने पगार आणखी कमी. फिनीच्या नावावर तिकिटं खपायची, पण फिनीला मिळायचं तेवढंच जेवढं त्याच्या शेजारी खेळणाऱ्या कुठल्याही पूर्ण पगारी खेळाडूला. चांगला कुशल कामगार आणि इंग्लंडचा विंगर यांच्या पगारात फार फरक नव्हता, म्हणून मग विंगरनं कामगारही व्हायचं, हिशोब सोपा.

प्रश्न : पण तो आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला ना? अशी निष्ठा आता कुठे बघायला मिळते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि यावर मला जरा भांडायचंय.

हो, एकच क्लब. प्रेस्टनकडून लीगच्या ४३३ मॅच, १८७ गोल. सगळं धरलं तर ४७३ मॅच आणि २१० गोल, तेही बराचसा काळ विंगर म्हणून खेळून. गावावर त्याचं प्रेम होतं यात शंकाच नाही, शेवटपर्यंत तिथेच राहिला. पण निष्ठा म्हणायला समोर पर्याय असावा लागतो हो. त्याच्यापुढे तो होता का ते बघा.

१९५२ चा मे महिना. इंग्लंडची टीम इटलीला दौऱ्यावर गेलेली. तिथे पालेर्मो क्लबचा मालक, हा नुसता शेठ नाही, खराखुरा राजघराण्यातला माणूस, प्रिन्स रोबेर्तो लांझा दी त्राबिया, यानं फिनीला गाठलं. सही करण्याचे १०,००० पौंड. महिन्याला १३० पौंड पगार. वर मॅचचे बोनस, राहायला व्हिला, गाडी, घरच्यांचा जाण्यायेण्याचा खर्च. आता हे घरच्या हिशोबात बसवा. तेव्हा त्याचा प्रेस्टनमधला पगार आठवड्याला १४ पौंड. नुसते सहीचे १०,००० जमवायला त्याला एक पेनीही खर्च न करता साडेतेरा वर्षांहून जास्त खेळावं लागलं असतं. आणि वय झालेलं ३०.

फिनी घरी आला आणि सरळ क्लबच्या चेअरमनकडे गेला, चोरून काही केलं नाही, जे आहे ते सांगितलं. उत्तर काय मिळालं तर साधारण असं, की तू प्रेस्टनकडून खेळणार नसशील तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. विषय संपला. पुढे तो स्वतः ही गोष्ट हसून सांगायचा, पण चेअरमन गंमत करत नव्हता, तसं करायची त्याच्याकडे पूर्ण ताकद होती.

कशी ते सांगतो, कारण याशिवाय त्या काळातल्या कुठल्याच खेळाडूचं आयुष्य कळत नाही. खेळाडूचं रेजिस्ट्रेशन क्लबच्या ताब्यात. कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं. सीझन संपला की क्लब यादी काढायचा, हे ठेवले, हे सोडले. तुमचं नाव 'ठेवले' मध्ये आलं की तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असो, तुम्ही नव्यावर सही केलेली नसो, तरी दुसऱ्या कुठल्या लीग क्लबकडून तुम्ही खेळू शकत नाही. म्हणजे नोकरी संपली तरी मालक तोच. घरी बसलात तर पगार नाही. गिरणीतला कामगार निदान राजीनामा देऊन दुसऱ्या गिरणीत जाऊ शकायचा.

कुणी पळून जात नव्हतं का? गेले की. १९५० साली स्टोकचा नील फ्रँकलिन, इंग्लंडचा सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू, त्या घडीला देशातला बहुतेक सगळ्यात चांगला, तो उठून कोलंबियात बोगोटाला गेला कारण तिथली लीग फिफाच्या बाहेर होती, त्यांना ट्रान्सफरचे नियम लागू नव्हते. तिकडे काही जमलं नाही, लवकरच परत आला, आणि परत आल्यावर बंदी. इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही, त्या वर्षीचा वर्ल्ड कपही गेला. हे उदाहरण फिनीच्या डोळ्यासमोर अवघं दोन वर्षांपूर्वीचं होतं. घरी बायको, मुलं, प्लंबिंगचा धंदा. तुम्ही काय केलं असतं?

त्यामुळे 'एकनिष्ठ फिनी' असं कुणी डोळे ओले करून लिहिलं की मला त्या चेअरमनचं वाक्य आठवतं. निष्ठा असेलही, पण दाराला बाहेरून कडी होती.

प्रश्न : युद्धात त्याची किती वर्षं गेली?

जवळजवळ सगळी उमेदीची. १९४१ ला, १९ वर्षांचा असताना, तो युद्धकाळातल्या कपच्या फायनलमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर आर्सेनलविरुद्ध खेळला, १-१ झाली, मग ब्लॅकबर्नला पुन्हा खेळवली ती प्रेस्टननं २-१ नं जिंकली. पण लीग बंद असल्यामुळे हे सगळं अधिकृत हिशोबाच्या बाहेर. १९४२ ला सैन्यात बोलावणं आलं, रॉयल आर्मर्ड कोर, आधी इजिप्त, मग आठव्या आर्मीबरोबर इटली. रणगाडा चालवायचा. एप्रिल १९४५ मध्ये उत्तर इटलीतल्या शेवटच्या चढाईत, आर्जेंटाच्या लढाईत होता. म्हणजे ज्या इटलीनं पुढे त्याला व्हिला देऊ केला त्या इटलीत तो पहिल्यांदा रणगाड्यात बसून गेला होता.

लीगमधली त्याची पहिली मॅच ३१ ऑगस्ट १९४६, लीड्सविरुद्ध. वय २४. आत्ताच्या हिशोबात २४ म्हणजे पाच-सहा सीझन झालेले असतात. आणि बरोबर चार आठवड्यांनी, २८ सप्टेंबरला, बेलफास्टमध्ये इंग्लंडकडून पहिली मॅच, नॉर्दर्न आयर्लंडविरुद्ध ७-२, त्यात एक गोल याचा. चार आठवडे! तो पहिला सीझनही काय विचित्र मिळाला त्याला, १९४७ चा तो भयंकर हिवाळा, मैदानं आठवडेच्या आठवडे बर्फाखाली, मॅच पुढे ढकलत ढकलत सीझन जूनच्या मध्यापर्यंत गेला. देशभर नळाचे पाइप गोठून फुटत होते. फुटबॉल बंद आणि प्लंबरला मरणाची मागणी, असा हिवाळा कुणाला दोन्ही बाजूंनी लागू पडला असेल तर त्यालाच.

प्रश्न : स्टॅन्ली मॅथ्यूज मोठा की फिनी?

हा वाद लँकशायरच्या पबमध्ये सत्तर वर्षं चाललाय, मी काय मिटवणार. पण विचारलंत तर बोलतो.

मॅथ्यूज फिनीच्याच काळातला इंग्लंडचा राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेचा. त्याची एक चाल होती आणि ती सगळ्यांना पाठ होती, डावीकडे झुकायचा, फुलबॅक, म्हणजे त्या कडेचा बचावपटू, तिकडे कलला की हा उजवीकडून सुटायचा. माहीत असूनही कुणाला थांबवता यायचं नाही, हीच त्याची जादू. फिनीचं वेगळं. तो मुळात डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा, पण लहानपणीच उजव्या पायावर इतकी मेहनत घेतली की खेळला बहुतेक राइट विंगला. आता फुलबॅकच्या जागी उभे राहून बघा. हा अंगावर येतोय, बॉल पायाला चिकटलेला, वेग कमी करतो, जवळजवळ थांबतोच. बाहेरून जाऊन उजव्या पायानं क्रॉस मारेल की आत वळून डाव्यानं गोलवर? एरवी विंगरचा एक पाय कच्चा असतो, त्याला त्या बाजूला ढकलायचं एवढंच फुलबॅकचं काम. इथे कच्ची बाजूच नाही. तुम्ही पाय उचलून ठरवेपर्यंत तो गेलेला असायचा. आणि मागून पाय घातला तरी पडून उठायचा, चिडायचा नाही, पूर्ण करिअरमध्ये रेफरीनं एकदाही नाव लिहून घेतलं नाही त्याचं. त्या काळात मागून येणारे टॅकल बघितलेत तर ही सहनशक्ती कळेल.

शिवाय फिनी लेफ्ट विंगला खेळला, राइट विंगला खेळला, आणि करिअरच्या शेवटाकडे क्लबनं त्याला सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधला मुख्य आक्रमक, केलं तर तिथेही गोलच गोल. इंग्लंडकडून मॅथ्यूजच्या ५४ मॅच, ११ गोल. फिनीच्या ७६ मॅच, ३० गोल. निवड समितीला दोघांचं काय करायचं कळेना, पेपरवाले दोन तट पाडून बसलेले, शेवटी मे १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगालविरुद्ध दोघांना एकत्र उतरवलं, मॅथ्यूज उजवीकडे, फिनी डावीकडे. निकाल १०-०. दोघांचा एकेक गोल. एवढं झाल्यावर वाद संपायला हवा होता, पण निवड समित्या कुठल्याही देशातल्या असोत, त्या पुढेही एकाला घेऊन दुसऱ्याला बसवतच राहिल्या.

बिल शँकली, जो पुढे लिव्हरपूलचा दंतकथा झालेला मॅनेजर, तो प्रेस्टनला फिनीच्या मागे खेळायचा. त्याचं म्हणणं असं की फिनी कुठल्याही काळात, कुठल्याही टीममध्ये मोठाच ठरला असता, अंगात ओव्हरकोट घालून खेळला असता तरी. शँकली काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे, पण माझं मतही तिकडेच झुकतं. मॅथ्यूजची तिकिटं जास्त महाग विकली गेली असती, पण टीम निवडायची झाली तर मी पहिलं नाव फिनीचं लिहीन.

प्रश्न : मग त्याच्याकडे एकही मोठी ट्रॉफी कशी नाही?

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सेकंड डिव्हिजनचं, म्हणजे लीगच्या दुसऱ्या पातळीचं, विजेतेपद आहे, १९५१ चं, क्लब १९४९ ला खाली गेला होता तेव्हाचं. बाकी सगळं हुकलेलं.

सगळ्यात वाईट हुकलं ते १९५३ ला. लीग संपली तेव्हा आर्सेनल ५४ गुण, प्रेस्टन ५४ गुण. आता असं झालं तर गोल फरक बघतात, केलेले वजा खाल्लेले. तेव्हा वजाबाकी नव्हती, भागाकार होता, केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. आर्सेनल ९७ भागिले ६४, येतं १.५१६. प्रेस्टन ८५ भागिले ६०, येतं १.४१७. दशांश चिन्हाच्या उजवीकडे लीग गेली. प्रेस्टननं आपली शेवटची मॅच आधीच जिंकून ठेवली होती, आर्सेनलची एक मॅच राहिलेली, ती १ मे ला शुक्रवारी संध्याकाळी बर्नलीविरुद्ध, आर्सेनल ३-२ नं जिंकलं. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वेम्बलीवर एफए कपची फायनल, ज्यात प्रेस्टनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या ब्लॅकपूलनं, म्हणजे मॅथ्यूजच्या क्लबनं, बोल्टनला ४-३ हरवलं आणि अख्खा देश मॅथ्यूजला अखेर मेडल मिळालं म्हणून रडत होता. चोवीस तासांत एकाचं गेलं, दुसऱ्याला मिळालं. त्या शनिवारी फिनी काय करत असेल असं कधी कधी मनात येतं.

पुढच्या वर्षी, १९५४, फिनी स्वतः कप फायनलमध्ये. सगळ्यांना वाटलं आता याची पाळी, मॅथ्यूजसारखं. वेस्ट ब्रॉमविच अल्बियननं ३-२ नं हरवलं आणि फिनीचा खेळ झालाच नाही त्या दिवशी. मग १९५८ ला प्रेस्टननं सीझनमध्ये १०० गोल केले, तरी वुल्व्ह्जच्या मागे दुसरा नंबर. फुटबॉल पत्रकारांचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान मात्र दोनदा, १९५४ आणि १९५७. दोनदा मिळवणारा तो पहिलाच.

वर्ल्ड कपचंही तसंच, तीन खेळला, १९५०, १९५४, १९५८. १९५० ला बेलो होरिझोंतेत अमेरिकेनं इंग्लंडला १-० हरवलं त्या मॅचमध्ये तो होता. १९५३ ला हंगेरीनं इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ फोडून काढलं तेव्हा जखमी होता म्हणून वाचला, पण पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला ७-१ झालं तेव्हा मैदानात. १९५८ ला स्वीडनमध्ये रशियाविरुद्ध इंग्लंड ०-२ मागे, मग एक गोल फेडला, आणि शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी मिळाली, गोलमध्ये कोण तर रशियाचा नावाजलेला गोलकीपर लेव्ह याशिन. वय ३६. मारली, गेली, २-२. त्याच मॅचमध्ये दुखापत झाली आणि वर्ल्ड कप संपला त्याचा.

प्रश्न : रिटायर कधी झाला? नंतर पैसा मिळाला का?

३० एप्रिल १९६०, डीपडेलवर, ल्यूटनविरुद्ध. जांघेचं दुखणं सारखं उलटत होतं, वय ३८. पुढच्याच सीझनला प्रेस्टन फर्स्ट डिव्हिजनमधून खाली गेला आणि तेव्हापासून आजपर्यंत वरच्या डिव्हिजनमध्ये परत आलेला नाही. एक माणूस गेल्यावर काय होतं ते बघा.

आणि टायमिंग बघा हो. फिनी एप्रिल १९६० ला थांबला आणि जानेवारी १९६१ ला, जिमी हिलच्या खेळाडू संघटनेनं संपाची धमकी दिल्यावर, कमाल पगाराचा नियमच रद्द झाला. थोड्याच दिवसांत फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला. फिनीचा सगळ्यात मोठा पगार होता २०. नऊ महिन्यांनी हुकलं. पण त्याच्याकडे धंदा होता, तो चांगला चालला, म्हणजे बापाचं म्हणणं शेवटी कामाला आलं.

एका वाचकानं विचारलंय की तो ४१ व्या वर्षी युरोपियन कप खेळला हे खरं का. खरं. सप्टेंबर १९६३, बेलफास्टचा डिस्टिलरी क्लब, समोर पोर्तुगालचा बेनफिका, त्यांच्या स्टार युसेबियोसकट, त्याच वर्षीची युरोपियन कपची फायनल खेळून आलेली टीम. डिस्टिलरीनं फिनीला विचारलं, एक मॅच येतोस का. तो गेला. ३-३! ज्या गावात इंग्लंडकडून पहिली मॅच खेळला तिथेच ही. परतीच्या मॅचला तो गेला नाही आणि बेनफिकानं ५-० केलं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. डिस्टिलरीचा तेव्हाचा मॅनेजर कोण? जॉर्ज ईस्टहॅम. आणि त्याचा मुलगा, त्याचंही नाव जॉर्ज ईस्टहॅमच, हा तो खेळाडू ज्यानं न्यूकॅसल सोडू देत नाही म्हणून कोर्टात केस टाकली होती. त्याच १९६३ च्या उन्हाळ्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की कॉन्ट्रॅक्ट संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवायची ही पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेलं गैरवाजवी बंधन आहे. म्हणजे ज्या नियमानं फिनीला पालेर्मोला जाऊ दिलं नाही तो नियम मुलानं मोडला आणि दोन-तीन महिन्यांत बापानं फिनीला खेळायला बोलावलं. असं कादंबरीत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

प्रश्न : पाण्यातला तो फोटो त्याचाच का? आणि पुतळा कुठे आहे?

त्याचाच. ऑगस्ट १९५६, लंडनला चेल्सीच्या मैदानावर. मॅचच्या आधी वादळी पाऊस झालेला, मैदानात तळी साचलेली. फिनी एका तळ्यातून बॉल काढून नेतोय, दोन बचावपटू मागे, आणि त्याच्या भोवती पाण्याचा पंखा उघडल्यासारखा उडालाय. चेहरा बघा त्या फोटोत, आजूबाजूला एवढा गोंधळ आणि नजर फक्त बॉलवर. तेव्हाचा बॉल चामड्याचा, पाणी पिऊन जड होणारा, अशा मैदानात तो पायानं नेणं म्हणजे ओली उशी नेण्यासारखं. वर्षातला सर्वोत्तम क्रीडा फोटो ठरला होता तो.

१९९८ ला राणीनं त्याला सर केलं. गावात तो मॅजिस्ट्रेट होता, आरोग्य खात्याच्या स्थानिक मंडळाचा अध्यक्ष होता, क्लबचा प्रेसिडेंट होता, मैदानाच्या एका स्टँडला नाव त्याचं, बाहेरच्या रस्त्याला नाव त्याचं. बायको एल्सी, लग्न १९४५ चं, शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशानं आजारी होती, तिचं सगळं तो स्वतः बघायचा. ती २००४ ला गेली. तो स्वतः १४ फेब्रुवारी २०१४ ला, ९१ व्या वर्षी.

पुतळा डीपडेलच्या बाहेर आहे, २००४ ला बसवला, शिल्पकार पीटर हॉजकिन्सन. त्याच फोटोवरून केलाय, ब्राँझचा फिनी घसरत चाललाय आणि चहूबाजूंनी पाण्याचे फवारे. फवारे म्हटल्यावर खालून पाइप आले, पंप आला, सांधे आले, म्हणजे प्रेस्टनमध्ये कुणा तरी प्लंबरला अधूनमधून सर टॉमची गळती काढायला जावं लागत असणार.